जबडा अडकला: थांबायचं किती, निघायचं केव्हा

गुंजवण्यात रात्री दहा वाजता कुणाचा जबडा अडकला, तर घरच्यांपुढे आजाराआधी गाडीचा प्रश्न उभा राहतो. साखर, मार्गासनी करत वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचं, नसरापूरला उतरायचं, की थेट पुणं गाठायचं? सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का? शहरात दवाखाना दोन चौकांवर असतो. राजगडाच्या पायथ्याच्या गावांत मात्र पन्नास-साठ किलोमीटरचा रस्ता, भाड्याची गाडी आणि बुडालेला रोजगार, सगळ्याचा हिशोब करूनच घराबाहेर पडावं लागतं. लावणीच्या दिवसांत तर घरातलं एक माणूस कमी पडलं तरी खाचर तसंच राहतं. म्हणून जबडा कशाकशाने अडकतो आणि किती काळ अडकून राहतो, हे या भागातल्या प्रत्येक घराला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

जबडा अडकलेला माणूस एकच विचारतो, ‘हे किती दिवस राहणार?’ त्याचं उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नात असतं: हे सुरू कधी झालं आणि कसं झालं? क्षणात अडकलेला जबडा, दोन-तीन दिवसांत आखडत गेलेला जबडा आणि वर्षभरात हळूहळू कमी उघडू लागलेलं तोंड, हे तीन वेगळे आजार आहेत. पहिल्यात एक प्रकार असा की काही तासांत डॉक्टर गाठायला हवा, आणि दुसरा असा की घाई न करता आठवडाभरात दाखवलं तरी चालतं. दुसऱ्यात जीवावर बेतू शकतं. तिसऱ्यात दुखत नाही म्हणून माणूस वर्षानुवर्षं थांबतो, आणि खरं नुकसान तिथेच होतं.

आधी मोजून घ्या. आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकमेकांवर उभी धरून समोरच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जातात का ते पाहा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५५ मिलिमीटर उघडतं, म्हणजे तीन बोटं बसायला हवीत. दोनच बसत असतील तर अडचण आहे, एकच बसत असेल तर ती मोठी आहे. बोटं जबरदस्तीने कोंबायची नाहीत. मग आरशासमोर हळूहळू तोंड उघडून हनुवटी सरळ खाली येते की एका बाजूला सरकते ते बघा. दोन्ही गोष्टी तारखेसह लिहून ठेवा. डॉक्टरांच्या दृष्टीने ‘थोडं कमी उघडतंय’ यापेक्षा ‘सोमवारी दीड बोट, शुक्रवारी दोन’ ही नोंद फार मोलाची असते.

तोंड मिटतच नाही

मोठी जांभई दिली, खदखदून हसताना तोंड फार उघडलं, उलटीचा जोर आला किंवा दाताच्या कामासाठी बराच वेळ आ वासून बसावं लागलं, आणि त्यानंतर तोंड मिटेचना. लाळ गळते, बोलता येत नाही, कानाच्या पुढे बोट लावलं तर खळगा लागतो. खालच्या जबड्याचा गोलसर टोकाचा भाग सांध्यातल्या उंचवट्याच्या पुढे निसटून तिथेच अडकलेला असतो. एकाच बाजूचा निसटला तर हनुवटी दुसऱ्या बाजूला वळते.

हा सांधा निखळणं होय, आणि तो त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर बसवायचा असतो. जसजसा वेळ जातो तसतसे चावण्याचे स्नायू आवळत जातात आणि काम कठीण होतं. पहिल्या काही तासांत बरेचदा भूल न देता, हातानेच सांधा बसतो. दोन-तीन आठवडे तसाच राहिला तर शस्त्रक्रियेपर्यंत पाळी येऊ शकते. उपाय फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात शेकून, हाड जागी आणून पट्टी बांधायला सांगितलं आहे, आणि ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखली जाणारी रीत आजही वापरतात: खालच्या दाढांवर अंगठे ठेवून जबडा आधी खाली दाबायचा, मग मागे ढकलायचा. वाचायला सोपं वाटतं म्हणून घरी कुणी हे करून पाहू नये. सांधा बसताना दात एकदम मिटतात आणि अंगठा चिरडतो. आणि पडल्यामुळे हाड मोडलेलं असेल तर त्या ओढाताणीत इजा वाढते. रुग्णाला बसतं करा, लाळ पुसायला फडकं द्या, हनुवटीला खालून हाताचा हलका आधार द्या आणि निघा. वेल्ह्याच्या किंवा भोरच्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना हे जमू शकतं. नाही जमलं तर ते पुढे पाठवतात.

सांधा बसल्यावर दोन-तीन आठवडे मऊ खायचं आणि जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. एकदा निखळलेला सांधा पुन्हा निखळू शकतो, म्हणून ही मुठीची सवय पुढेही ठेवावी.

याच्याशी गल्लत होणारी एक गोष्ट औषधाने घडते. उलटी थांबवायला दिलेल्या मेटोक्लोप्रमाइडमुळे, किंवा मानसिक आजारावरच्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधामुळे, विशेषतः तरुण वयात, काही तासांत ते एक-दोन दिवसांत जबडा वाकडा होऊन आवळतो, मान वळते, डोळे वर जातात. घरच्यांना ते बाहेरचं काहीतरी वाटतं आणि रात्र अंगाऱ्यात जाते. खरं तर योग्य इंजेक्शनने हा त्रास बहुधा तासाभराच्या आत ओसरतो. अशा वेळी घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. त्यावरूनच निदान होतं.

तोंड उघडत नाही, आणि आधी ‘कट्’ वाजत असे

जबडा अडकण्याच्या तक्रारींत पुष्कळशा या प्रकारच्या असतात, आणि भीतीही याचीच जास्त वाटते. तो विशेषतः वीस ते चाळीस वयात दिसतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांत अधिक.

कानाच्या अगदी पुढे जबड्याचा सांधा असतो. दोन हाडांच्या मध्ये कूर्चेची पातळ चकती असते आणि तोंड उघडताना ती हाडाबरोबर पुढे सरकते. काही जणांची चकती आधीच थोडी पुढे घसरलेली असते. मग तोंड उघडताना हाड तिच्यावर चढतं तेव्हा ‘कट्’ असा आवाज येतो. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल तर उपचारांची गरज नाही. असा आवाज कितीतरी लोकांच्या जबड्यात आयुष्यभर येतो आणि त्यातून पुढे काही होत नाही.

काहींना मात्र मधूनच अडकल्यासारखं होतं. सकाळी उठल्यावर तोंड अर्धंच उघडतं, जबडा जरा डावी-उजवीकडे हलवला की ‘कट्’ होऊन मोकळा होतो. हे काही सेकंद ते काही मिनिटं टिकतं. आणि मग एखाद्या दिवशी तो मोकळा होतच नाही. आवाज एकाएकी बंद पडतो, तोंड जेमतेम २५-३० मिलिमीटर उघडतं, उघडताना हनुवटी दुखऱ्या बाजूला सरकते, कानापुढे कळ येते. उंबऱ्यावरचं पायपुसणं दुमडून दाराखाली अडकावं तसं झालेलं असतं. दार धडधाकट असतं, पण पुरतं उघडत नाही.

हे किती दिवस राहतं? तीव्र दुखणं बहुतेकांचं काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत उतरतं. तोंड उघडणं त्याहून सावकाश सुधारतं, कित्येक आठवडे आणि काहींना काही महिने लागतात. चकती बहुधा जागेवर परत येत नाही. तिच्या मागचा मऊ भाग ताणून, घट्ट होऊन नव्या परिस्थितीला सरावतो आणि सांधा पुन्हा चालू लागतो. म्हणून ‘चकती अजून पुढेच आहे’ असं एमआरआयमध्ये दिसलं तरी माणूस भाकरी नीट चावत असतो. जपानमध्ये कुरिता आणि सहकाऱ्यांनी अशा ४० रुग्णांवर उपचार न करता अडीच वर्षं लक्ष ठेवलं. १९९८ साली त्यांनी लिहिलं की साधारण ४० टक्के पूर्ण बरे झाले, सुमारे तिसऱ्या हिश्शाचा त्रास कमी झाला आणि चौथ्या हिश्शाला फरक पडला नाही. २००७ साली अमेरिकेतल्या शिफमन आणि सहकाऱ्यांनी १०६ रुग्णांना चार गटांत विभागून पाहिलं: औषध आणि सल्ला, व्यायामासह पुनर्वसन, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि उघडी शस्त्रक्रिया. पाच वर्षांनी चारही गट सारखेच सुधारलेले होते. यातून मी एवढंच घेतो की जबडा अडकल्याच्या पहिल्याच आठवड्यात कुणी मोठ्या शस्त्रक्रियेची घाई करत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्यावं. दात घासून चावा बदलायचा, चकती जागेवर आणण्यासाठी तारा लावायच्या, अशा परत न फिरणाऱ्या उपचारांबद्दलही तसंच.

तरी नव्याने अडकलेला जबडा आठवडाभरात डॉक्टरांना दाखवावाच. पहिल्या काही आठवड्यांत जबडा हाताने खाली-पुढे ओढून चकती सोडवण्याचा प्रयत्न जास्त यशस्वी होतो. तीन-चार महिने उलटल्यावर ती शक्यता घटते. तेवढ्यानेही नाही सुटला तर सांध्यात दोन सुया घालून सलाइनने धुण्याची छोटी प्रक्रिया करतात. इस्राएलच्या डोरिट नित्झान यांनी १९९१ साली ती मांडली, आणि आज पुण्यातही होते.

घरी करायचं ते साधं आहे, पण ते रोज करावं लागतं. ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला हलकी टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची बैठक. दिवसभर वरचे-खालचे दात एकमेकांना लागायचेच नसतात. लागतात ते फक्त चावताना आणि गिळताना. डोक्यावर हंडा घेताना, ओझं उचलताना, चढ चढताना, काळजी करत बसल्यावर आपण नकळत दात आवळतो. दारावर, चुलीशेजारी, मोबाइलच्या मागे एक ठिपका चिकटवा आणि तो दिसला की दात सोडा. कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा कानापुढे आणि गालावर धरा. मार लागलेला असेल तर पहिले दोन दिवस शेक नको, थंड पट्टी हवी. कळ उतरू लागली की दुखेल न दुखेल एवढंच तोंड पाच-सहा वेळा सावकाश उघडायचं, हे दिवसातून पाच-सहादा. वेदनाशामक डॉक्टरांना विचारूनच. आम्लपित्त, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर दुकानातून आयबुप्रोफेन आणून खाऊ नये.

जेवणाचं मात्र आपल्याकडे सोपं आहे. नाचणीची पेज, आंबील, तांदळाची उकड, मऊ भात-वरण, पिठलं, खिचडी, दुधात कुस्करलेली चपाती हे सगळं घरात असतंच. दुखणं उतरेपर्यंत ऊस, चिक्की, भाजलेलं कणीस, पेरू, कच्ची कैरी आणि कडक झालेली भाकरी बाजूला ठेवा. पण पातळ पेजेवर महिनाभर राहू नका, अंगात ताकद राहत नाही आणि जबडाही आळसावतो. जसं उघडेल तसं मऊवरून नेहमीच्या जेवणाकडे या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: लाकडी चमचा, पाचर, कापडाचा बोळा घालून तोंड जोराने उघडायला जाऊ नका. जाणकार म्हणून कुणी जबड्याला झटका देणार असेल तरी नको म्हणा.

दोन-तीन दिवसांत आखडत गेलेला जबडा

अठरा ते पंचवीसच्या वयात सर्वांत मागची अक्कलदाढ उगवताना तिच्यावरची हिरडी सुजते, पू होतो आणि तोंड उघडेनासं होतं. औषध आणि स्वच्छतेने काही दिवसांत आराम पडतो. दाढ काढल्यावर किंवा खालच्या दातासाठी इंजेक्शन दिल्यावरही आठवडा-दोन आठवडे जबडा आखडलेला राहू शकतो, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण ताप, जबड्याखाली टणक सूज, गिळताना त्रास, आवाज घोगरा होणं किंवा श्वास अडणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. दाढेचा संसर्ग मानेत उतरला की श्वासाचा रस्ता बंद करू शकतो.

आणि धनुर्वात. चिखलणीत अनवाणी पायात काटा मोडतो, विळा लागतो, गोठ्यात खिळा घुसतो. जखम भरत आल्यासारखी वाटते आणि साधारण तीन दिवस ते तीन आठवड्यांनी दातखिळी बसू लागते. दोन्ही बाजू सारख्याच आवळतात, सांध्यात ‘कट्’ नाही, एका बाजूची कळ नाही. मान आणि पाठ ताठते, गिळता येत नाही, आवाज झाला की झटके येतात. इथे तास मोजायचे. थेट १०८ ला फोन करा आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्यायला सांगा. गरोदरपणात बायकांना धनुर्वाताची लस मिळते, मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मिळते. राहून जातात ते कर्ते पुरुष आणि म्हातारी माणसं, म्हणजे नेमके रोज शेतात राबणारे. दर दहा वर्षांनी एक मात्रा घ्यावी. मळकट, खोल जखम झाली आणि मागची मात्रा पाच वर्षांपूर्वीची असेल तर जखम साबणाने धुऊन लगेच घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मिळते.

फिट आल्यावर बसलेली दातखिळी निराळी. ती बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप सुटते. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, पाणी पाजायचं नाही. माणसाला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांपलीकडे गेलं, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरा झटका आला, तर १०८.

न दुखता कमी होत गेलेलं तोंड

महाराष्ट्रात ‘जबडा जाम झालाय’ म्हणत येणाऱ्या बऱ्याच तरुणांचा सांधा ठणठणीत असतो. बिघडलेले असतात ते गाल. सुपारी, मावा, गुटखा यांनी गालाच्या आतली त्वचा कडक, पांढुरकी होते, तिच्यात दोऱ्यांसारखे पट्टे तयार होतात आणि तोंड वर्षागणिक कमी उघडू लागतं. पहिलं लक्षण जबड्याचं नसतंच. तिखटाचा घास घेतला की आग होते. मग शिट्टी वाजत नाही, गाल फुगवता येत नाहीत, पाणीपुरी तोंडात मावत नाही. भारतातून या आजाराचं वर्णन १९५३ साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी केलं. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या कशा आणि कुठे मिळतात हे गावात कुणाला सांगायला नको.

यात ‘किती दिवस’ला उत्तर कठोर आहे: आपोआप बरा होत नाही. सुपारी सोडली तर वाढ थांबू शकते, व्यायामाने आणि उपचारांनी तोंड काही प्रमाणात उघडतं. पण जितक्या लवकर सोडाल तितकं जास्त वाचतं. आणि यातल्या काहींना तोंडाचा कर्करोग होतो. केरळच्या एर्नाकुलममध्ये अशा ६६ रुग्णांवर सतरा वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा ७.६ टक्क्यांना तो झाला होता. नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तिला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं. मशेरी लावणाऱ्या आया-आज्यांनीही गालात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर तोंड उघडत असलं तरी दाखवावं. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

आणखी दोन प्रसंग

शनिवार-रविवारी राजगड चढायला शेकडो लोक गुंजवण्यातून चोरदरवाजाच्या वाटेला लागतात. चढताना खालच्या जबड्यात जड, आवळल्यासारखं दुखतंय, बसलं की थांबतंय, परत चढलं की सुरू, असं कुणी सांगितलं तर तो जबडा नव्हे, हृदय असू शकतं. तोंड नीट उघडत असतं, कानापुढे दाबून दुखत नसतं. चाळिशीपुढच्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाबाबत तर शंकाच घेऊ नका. चढणं तिथेच थांबवा. विश्रांतीनेही दुखणं थांबलं नाही, किंवा घाम, धाप, छातीत दडपण आलं, तर लगेच १०८. गावातल्या वाटाड्यांनी आणि पिठलं-भाकरीच्या टपऱ्या चालवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी एखादा जीव वाचेल.

दुसरा प्रसंग मुलांचा. जांभळाच्या झाडावरून, सायकलवरून मूल हनुवटीवर पडतं, हनुवटीला दोन टाके पडतात आणि सगळे विसरतात. हनुवटीवरचा मार थेट कानापुढच्या सांध्याला पोहोचतो आणि तिथलं बारीक हाड मोडू शकतं. लक्ष गेलं नाही तर पुढच्या काही महिन्यांत सांधा जखडतो, तोंड उघडेनासं होतं आणि वाढीच्या वयात हनुवटी मागे किंवा वाकडी राहते. म्हणून हनुवटीवर पडलेल्या मुलाचा जबड्याचा एक्स-रे, ओपीजी, मागून घ्या आणि पुढचे सहा महिने दर आठवड्याला मुलाच्याच बोटांनी तीन बोटांची चाचणी करा. बोटं कमी होत चालली तर टाके भरलेत म्हणून गप्प बसू नका.

पुण्यात जायचं ठरलं तर साध्या दातांच्या ओपीडीऐवजी तोंड व जबडा शल्यचिकित्सा, म्हणजे ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी हा विभाग विचारा. सातारा रस्त्याने शहरात शिरलं की धनकवडीत भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे, वडगाव बुद्रुकला सिंहगडचं. दंत महाविद्यालयांत खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. धनुर्वात, श्वासाचा त्रास किंवा अपघात असेल तर मात्र दंत महाविद्यालय नव्हे, ससून किंवा दुसरं मोठं रुग्णालय. निघताना बोटांच्या नोंदीचा कागद, आधीचे एक्स-रे आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, आणि सोबत असं कुणीतरी न्या ज्याला तुमच्या वतीने बोलता येईल. जबडा अडकलेल्या माणसाला स्वतःचं दुखणं सांगणंच अवघड जातं.